न फिरणारा चेंडू आणि अठ्ठेचाळीस वर्षांचा पिचर

आयपीएलच्या समालोचनात हल्ली एक शब्द सारखा कानावर पडतो: नकल बॉल. गोलंदाजानं बोटांच्या टोकांवर चेंडू धरला, वेग कमी पडला, फलंदाज आधीच बॅट फिरवून बसला, की झाला नकल बॉल! आपल्या श्रीरामपूरच्या जहीर खाननं 2011 च्या विश्वचषकात तो वापरला आणि भारतात हे नाव घरोघरी पोचलं. पण ‘नकल बॉल म्हणजे हळू चेंडू’ हे समीकरण मला फार खटकतं. मूळच्या नकल बॉलमध्ये वेग ही दुय्यम गोष्ट आहे. त्यात जे भौतिकशास्त्र दडलंय, ते पाहायचं तर अमेरिकेतल्या बेसबॉलकडे आणि तिथल्या फिल नीक्रो या पिचरकडे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूकडे, जायला हवं.

नीक्रोचा जन्म 1939 चा, ओहायो राज्यातला. वडील कोळसा खाणीत कामगार. हा चेंडू त्यांनीच मुलाला शिकवला. पुढे व्यावसायिक बेसबॉलमध्ये नीक्रोनं 318 सामने जिंकून दिले, आणि त्यातले 121 वयाच्या चाळिशीनंतर! बहुतेक पिचरचा हात पस्तिशीच्या आसपास बोलायला लागतो. 1983 च्या अखेरीस अटलांटा ब्रेव्ह्ज संघानं त्याला निरोप दिला तेव्हा तो 44 वर्षांचा होता. न्यूयॉर्क यँकीजनं त्याला घेतलं, आणि पुढच्या दोन्ही हंगामांत त्यानं 16-16 सामने जिंकले. निवृत्त झाला तो 1987 मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी.

हे जमलं कारण त्याच्या हाताचं बरंचसं काम चेंडूची शिवण करत होती.

बेसबॉलचा चेंडू हातात घेऊन पाहा. डमरूच्या आकाराचे चामड्याचे दोन तुकडे एकमेकांत गुंफून लाल दोऱ्यानं 108 दुहेरी टाके घातलेले असतात. क्रिकेटच्या चेंडूची शिवण विषुववृत्तासारखी सरळ जाते, बेसबॉलची मात्र नदीसारखी वळणं घेत जाते. हा फरक लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

चेंडू हवेतून जाताना त्याच्या पृष्ठभागाला चिकटून हवेचा एक अगदी पातळ थर वाहतो. त्याला सीमास्तर म्हणतात. हा थर चेंडूच्या पाठीपर्यंत चिकटून राहू शकत नाही, वाटेत कुठेतरी तो सुटतो आणि मागे भोवऱ्यांनी भरलेला पट्टा तयार होतो, होडीमागे पाण्यात उमटतो तसा. थर कुठे सुटणार हे तो कसा वाहतोय यावर ठरतं. शांत, स्तरित प्रवाह लवकर दमतो आणि चेंडूच्या समोरच्या टोकापासून साधारण 80 अंशांवर सुटतो. संक्षुब्ध, म्हणजे घुसळलेला प्रवाह बाहेरच्या वेगवान हवेतून ऊर्जा आत खेचतो, म्हणून तो जास्त वेळ टिकतो आणि 120 अंशांच्या आसपास सुटतो.

आता प्रवाह शांत राहणार की घुसळणार? त्यासाठी रेनॉल्ड्स अंक काढतात: वेग गुणिले व्यास, भागिले हवेची गतिक श्यानता, म्हणजे हवेच्या चिकटपणाचं माप. ताशी 108 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 30 मीटर, व्यास 0.073 मीटर, श्यानता सुमारे 0.000015. उत्तर येतं जवळपास दीड लाख. गुळगुळीत गोळ्याभोवतीचा थर घुसळायला साधारण तीन लाखांच्या वर जावं लागतं. म्हणजे चेंडूचा जो भाग गुळगुळीत आहे तिथे हवा अजून शांत आहे, आणि जिथे टाक्यांचा उंचवटा आडवा येतो तिथे ती अडखळून घुसळते. एकाच चेंडूवर, एकाच क्षणी, दोन्ही! डाव्या बाजूला थर लवकर सुटला आणि उजव्या बाजूला उशिरा, तर मागचा भोवऱ्यांचा पट्टा डावीकडे झुकतो. हवा डावीकडे ढकलली गेली, तर न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार चेंडू उजवीकडे जाणारच.

हे बल किती मोठं असतं? समजा, चेंडूच्या वजनाच्या पावपट. चेंडू ताशी 100 किलोमीटर वेगानं निघाला तर त्याला बॅटरपर्यंत पोचायला सुमारे 0.6 सेकंद लागतात. आडवं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या पावपट, म्हणजे 2.45 मीटर प्रति सेकंद वर्ग धरलं, तर अर्धं त्वरण गुणिले काळाचा वर्ग म्हणजे 0.44 मीटर. बॅटरजवळ जमिनीवर बसवलेल्या होम प्लेटची रुंदी 43 सेंटीमीटर आहे. पावपट बलानं चेंडू अख्खी प्लेट ओलांडून जातो.

अट एकच, चेंडूनं गिरकी घ्यायची नाही. वेगवान चेंडू बॅटरपर्यंत जाताना पंधरा-सोळा वेळा फिरतो. तेवढ्यात शिवण सगळ्या बाजूंना येऊन जाते, तिचे परिणाम एकमेकांना खोडतात, आणि उरतो फक्त मॅग्नस परिणाम, म्हणजे गिरकीमुळे चेंडूला मिळणारं वळण. बॅटर तो वर्षानुवर्षं ओळखून असतो. नकल बॉल सगळ्या वाटेत एखादाच फेरा घेतो. शिवण हळूहळू सरकते, बल कधी इकडे तर कधी तिकडे. न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठात वॉट्स आणि सॉयर यांनी चेंडू वातबोगद्यात ठेवून, थोडाथोडा वळवत हे बाजूचं बल मोजलं आणि 1975 मध्ये प्रसिद्ध केलं. शिवण जागेवरून जराशी हलली तरी बल बदलत होतं. क्रिकेटमध्ये गोलंदाज नेमकं उलट करतो. चेंडूला मागच्या दिशेनं गिरकी देऊन तो सरळ शिवण एकाच कोनात स्थिर ठेवतो, म्हणून स्विंग ठरल्या बाजूला होतो.

गिरकी न देता चेंडू सोडणं फार कठीण आहे. नावात ‘नकल’, म्हणजे इंग्रजीत बोटाचा सांधा, असला तरी नीक्रोसारखे पिचर चेंडू नखांनी आणि बोटांच्या टोकांनी धरतात आणि मनगट न वळवता पुढे ढकलतात. फिलचा धाकटा भाऊ जो नीक्रो हाही नकल बॉलवालाच. 1987 मध्ये भर सामन्यात चेंडू खरवडल्याच्या संशयावरून पंचांनी त्याला खिसे रिकामे करायला लावले, तेव्हा त्यातून नखं घासायची पट्टी निघाली. नखं नीट ठेवायला ती लागते, असं त्याचं म्हणणं. त्याला दहा दिवसांचं निलंबन मिळालं.

हा चेंडू वाटेत नागमोडी नाचतो, असं सर्रास लिहिलं जातं. इलिनॉय विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ ॲलन नेथन यांनी मैदानावरच्या कॅमेऱ्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वाट इतर चेंडूंइतकीच सलग दिसली. अनिश्चित होती ती वळण्याची दिशा आणि वळणाचं माप, दर चेंडूला वेगळं. जवळपास सारख्याच तऱ्हेनं सोडलेले दोन चेंडू दोन बाजूंना जातात. मला हे नागमोडी नाचापेक्षा जास्त विलक्षण वाटतं.

बॅटरमागे चेंडू पकडणाऱ्या कॅचरचे हाल तर विचारू नका. 1960 मध्ये बाल्टिमोर संघाचे व्यवस्थापक पॉल रिचर्ड्स यांनी आपला पिचर हॉइट विल्हेमचे नकल बॉल पकडण्यासाठी खास अवाढव्य ग्लोव्ह बनवून घेतला होता. हा विल्हेमही पन्नाशीच्या उंबरठ्यापर्यंत खेळला.

खांदा आणि कोपर टिकतात याचं कारण साधं आहे. पूर्ण ताकदीच्या चेंडूला कोपराच्या आतल्या अस्थिबंधावर त्याच्या सोसण्याच्या मर्यादेजवळ ताण येतो, नकल बॉलला एवढी ताकद लागतच नाही. आर. ए. डिकी या पिचरच्या उजव्या कोपरात तर हा अस्थिबंध नव्हताच. 1996 मध्ये ते कळलं आणि टेक्सास रेंजर्स संघानं त्याला देऊ केलेले 8,10,000 डॉलर 75,000 वर आणले. तिशीत त्यानं नकल बॉल धरला, आणि 2012 मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला. त्याच वर्षी जानेवारीत तो किलिमांजारो चढला होता, मुंबईत देहविक्रीत अडकलेल्या मुलींसाठी काम करणाऱ्या संस्थेला निधी मिळावा म्हणून. पुढच्या वर्षी तो स्वतः मुंबईत येऊन गेला.

या खेळाडूंची नावं घेऊन कुणी ‘ऊर्जा वाढवणारे’ टायटॅनियमचे गळपट्टे किंवा चुंबकीय कडी विकत असेल, तर पैसे जपून ठेवा. अमेरिकेत एके काळी पिचरांच्या गळ्यात असे दोर सर्रास दिसायचे. आपल्याकडे तांब्याची कडी खपतात. दोन्ही कोपरावरचा ताण एका ग्रॅमनंही कमी करत नाहीत.

6 ऑक्टोबर 1985, टोरांटो. 46 वर्षांचा नीक्रो 300 व्या विजयासाठी उतरला. आपण नुसते नकल बॉलवर जगत नाही हे त्याला दाखवायचं होतं, म्हणून त्या दिवशी त्यानं तो टाकलाच नाही. समोरच्या संघाला एकही धाव मिळाली नाही, यँकीजच्या आठ झाल्या. शेवटचा बॅटर होता जेफ बरोज, अटलांटातला त्याचा जुना सहकारी. तेव्हा मात्र त्यानं चेंडूत नखं रुतवली, वडिलांनी शिकवलेला चेंडू टाकला, आणि बरोज बाद झाला.