हौशी रेडिओ, शेजारचा टीव्ही आणि व्यत्ययाची जबाबदारी

हौशी रेडिओवरची, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून केल्या जाणाऱ्या रेडिओ संपर्कावरची, पहिली मोठी बंधने व्यत्ययाच्या तक्रारींतून आली. ठिणगीवर चालणाऱ्या ट्रान्समीटरचा संकेत फार रुंद पट्ट्यात पसरत असे. टायटॅनिक बुडाल्यानंतर अमेरिकेने १९१२ साली केलेल्या कायद्याने हौशी चालकांना सर्वसाधारणपणे २०० मीटर व त्याहून कमी लहरलांबीपुरते बांधून ठेवले आणि शक्तीवर एक किलोवॅटची मर्यादा घातली. तेव्हा टाकाऊ मानल्या गेलेल्या या लघुलहरींवरूनच १९२३ मध्ये अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवरचे हौशी एकमेकांशी बोलले. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत त्यांना आंतरराष्ट्रीय पट्टे मिळाले.

खरा पेच दुसऱ्या महायुद्धानंतर, घरोघरी टीव्ही आल्यावर उभा राहिला. २८ मेगाहर्ट्झवरच्या संकेताचा दुसरा हार्मोनिक (दुप्पट वारंवारतेवर उमटणारा नको असलेला संकेत) ५६ मेगाहर्ट्झवर, म्हणजे अमेरिकेतल्या क्रमांक २ च्या टीव्ही वाहिनीच्या ५४ ते ६० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडत असे. हा दोष निःसंशय ट्रान्समीटरचा होता, आणि धातूचे आवरण व लो-पास फिल्टर (ठरावीक मर्यादेच्या वरच्या वारंवारता अडवणारी गाळणी) बसवून हौशींनी तो बऱ्याच अंशी दूरही केला. परंतु संकेत पूर्ण शुद्ध असतानाही जवळचा टीव्ही त्याच्या निव्वळ जोरानेच भांबावत असे, कारण नको असलेली वारंवारता अडवण्याची सोय त्या संचात पुरेशी नव्हती. तक्रार करणाऱ्याला मात्र शेजारच्या छपरावरचा अँटेनाच दिसत असे.

अमेरिकी नियमांतील शांत तासांची तरतूद या वादाच्या केंद्रस्थानी आहे. चांगल्या अभियांत्रिकी रचनेच्या संचांवरील सर्वसामान्य प्रक्षेपणात व्यत्यय येत असल्यास, नोटीस मिळाल्यावर हौशी चालकाला रोज रात्री ८ ते १०:३० आणि रविवारी त्यात भर म्हणून सकाळी १०:३० ते दुपारी १ या वेळेत व्यत्यय आणणाऱ्या वारंवारतांवर प्रसारण बंद ठेवावे लागते. अट न्याय्य वाटते, पण टीव्ही संचाची रचना चांगली आहे हे कोणी आणि कशाच्या आधारे ठरवायचे, हा प्रश्न त्यात मोकळाच राहिला. १९८२ च्या कायदादुरुस्तीने घरगुती उपकरणांच्या व्यत्यय-प्रतिकारक्षमतेचे मानक ठरवण्याचा अधिकार नियामकाला दिला. त्याने मात्र सक्ती टाळून विषय उत्पादकांच्या स्वेच्छेवर सोपवला. परीक्षा देऊन परवाना घेणाऱ्यावर काटेकोर बंधने आणि संच विकणाऱ्याकडून केवळ अपेक्षा, ही विषमता तेव्हाच दूर करता आली असती.

पुढे व्यत्ययाची दिशाच पालटली. वीजवाहिन्यांतून इंटरनेट पुरवण्याच्या योजनेला २००४ मध्ये अमेरिकेत नियमांची चौकट मिळाली. उघड्या तारा अँटेनासारख्या वागून लघुलहरींवर गोंगाट पसरवतील, असा हौशींचा आक्षेप होता. २००८ मध्ये अपील न्यायालयाने, नियामकाने तांत्रिक अभ्यासांतील काही भाग लपवल्याबद्दल आणि अंतरानुसार गोंगाट किती घटतो हे धरणाऱ्या एका गणिती गुणकाचे पुरेसे स्पष्टीकरण न दिल्याबद्दल, तो निर्णय अंशतः फेरविचारासाठी परत पाठवला.

आज हौशी चालकांना एलईडी दिवे, चार्जर आणि सौर इन्व्हर्टर यांच्या गोंगाटाचा त्रास होतो. अशा विनापरवाना उपकरणांनी परवानाधारक सेवेत हानिकारक व्यत्यय आणू नये आणि येणारा व्यत्यय सोसावा, असे अमेरिकी नियम सांगतात. उत्सर्जनाची मर्यादा मात्र प्रत्येक उपकरणाला स्वतंत्रपणे लागू होते. एकाच वस्तीतील अनेक उपकरणांच्या एकत्रित गोंगाटाला ती लागू होत नाही.