मजकुराची बॉर्डर (वर्ड प्रोसेसर)

वर्ड प्रोसेसरमध्ये अक्षरे, परिच्छेद, तक्त्याचे घर किंवा पान यांच्या कडेने येणाऱ्या रेघेला बॉर्डर म्हणतात. वापरणाऱ्याला ती कागदावर ओढलेली रेघ वाटते. प्रत्यक्षात ती मजकुराच्या एखाद्या घटकाला चिकटलेला गुणधर्म असते, अक्षरांच्या ठळकपणासारखाच. घटक जेवढा, तेवढी रेघ. बहुतेक अडचणींचे मूळ इथेच आहे, आणि त्यांवरच्या युक्त्यांतही रेघेचा मालक बदलण्यापलीकडे फारसे काही नसते.

मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये तीन हायफन टाइप करून एंटर दाबले की एका समासापासून दुसऱ्यापर्यंत आडवी रेघ येते. ती खोडायला गेले तर कर्सर तिच्यावर बसतच नाही, कारण ती आधीच्या परिच्छेदाची खालची बॉर्डर असते. त्या परिच्छेदात जाऊन ‘नो बॉर्डर’ निवडले की ती जाते.

वर्डमधली सर्वांत तोकडी सोय अक्षरांच्या बॉर्डरची. निवडलेल्या शब्दांना चारही बाजूंची चौकट मिळते. फक्त वरची किंवा डावी रेघ मागितली तर ती अख्ख्या परिच्छेदाला लागते. कारण फाइलच्या रचनेतच आहे. वर्डची डॉक्स (.docx) फाइल ज्या ऑफिस ओपन एक्सएमएल मानकावर (एक्मा-३७६, २००६) बेतलेली आहे, त्यात परिच्छेदाच्या प्रत्येक बाजूला वेगळी नोंद आहे. अक्षरांना मात्र सगळी मिळून एकच. एकदोन शब्दांपुरती पळवाट म्हणजे समीकरणांसाठी असलेले जुने ईक्यू फील्ड (मजकुरात घातलेली आज्ञा, जिच्या जागी वर्ड तिचा परिणाम दाखवतो). कंट्रोल-एफ९ने फील्डचे कंस घालायचे आणि ‘एक्स’ या स्विचला, म्हणजे आज्ञेतल्या पर्यायाला, टीओ, बीओ, एलई किंवा आरआय जोडून वरची, खालची, डावी किंवा उजवी बाजू निवडायची. काम किचकट आहे आणि लांब मजकुराला निरुपयोगी. लिबरऑफिस रायटरने ४.२ आवृत्तीपासून (२०१४) अक्षरांना चारही बाजू स्वतंत्र दिल्या, पण फाइल वर्डच्या .docx प्रकारात साठवली की एका बाजूची रेघ ठेवायला तिथे जागाच नसते. गूगल डॉक्समध्ये परिच्छेदाला बॉर्डर देता येते, सुट्या शब्दांना नाही.

परिच्छेदाची बॉर्डर डाव्या इंडेंटपासून उजव्या इंडेंटपर्यंत पसरते (इंडेंट म्हणजे समासापासून परिच्छेद जेवढा आत घेतलेला असतो ते अंतर), म्हणून दोन शब्दांच्या मथळ्यालाही ओळभर चौकट बसते. उजवा इंडेंट आत ओढला की चौकट आखडते, पण मथळा बदलला की पुन्हा मोजमाप आले. त्यापेक्षा एका घराचा तक्ता करून त्याला मजकुरानुसार आपोआप रुंद होऊ देणे सोपे. सारखी बॉर्डर आणि सारखे इंडेंट असलेले लागोपाठचे परिच्छेद वर्ड एकाच चौकटीत घेतो. इंडेंट वेगळा झाला की चौकट तुटते. चौकटीतल्या मजकुरात मध्येच बुलेटची यादी आली की तुकडे पडतात ते यामुळेच. अशा वेळीही सगळा मजकूर तक्त्याच्या एका घरात टाकणे हा खात्रीचा उपाय. उलट, शेजारच्या दोन चौकटी वेगळ्या हव्या असतील तर मध्ये बिनबॉर्डरचा छोटा रिकामा परिच्छेद पुरतो.

गोल कोपरे बॉर्डरला जमत नाहीत. त्यासाठी टेक्स्ट बॉक्स किंवा आकृती लागते. तो तरंगता ठेवला तर मजकूर सरकताना भलतीकडे जातो, म्हणून ‘इन लाइन विथ टेक्स्ट’, म्हणजे अक्षरासारखा ओळीतच, ठेवलेला बरा. देवनागरीत अधोरेखन उकारांना छेदून जाते, तेव्हा अख्ख्या ओळीखाली रेघ हवी असल्यास परिच्छेदाची खालची बॉर्डर अधिक नीटस दिसते.

मजकूर आणि रेघ यांमधले अंतर वर्डमध्ये ३१ पॉइंटांपुढे, म्हणजे सुमारे ११ मिलिमीटरपुढे, जात नाही. हा आकडा विचित्र वाटतो. पण वर्डच्या जुन्या डॉक (.doc) फाइलमध्ये या अंतरासाठी ५ बिट राखलेले होते आणि ५ बिटांत ० ते ३१ एवढेच मावते. पानाच्या बॉर्डरलाही हीच मर्यादा आहे. तिचे अंतर मुळात पानाच्या कडेपासून २४ पॉइंट धरलेले असते, आणि प्रिंटरला कडेचा जेवढा भाग छापता येत नाही तो याहून रुंद असेल तर रेघ कापली जाते. मग अंतर कडेऐवजी मजकुरापासून मोजायला लावतात. तेवढ्यानेही भागले नाही तर हेडरमध्ये (पानाच्या माथ्यावरच्या, प्रत्येक पानावर येणाऱ्या भागात) एक पोकळ आयत काढून ठेवतात. तो प्रत्येक पानावर उमटतो आणि त्याला ३१चे बंधन नसते.