नावाआधीची अक्षरं : आमच्या गावच्या आठवणवहीची पार्श्वभूमी

२ ऑक्टोबरची ग्रामसभा उठली की आमच्या गावात शाळेच्या पटांगणात एक वही वाचतात. वर्षभरात गावातून जे गेले त्यांची वही. माणशी एक पान. कुठं जन्मला, काय काम केलं, कशात हातखंडा होता, कुणाच्या अडीअडचणीला धावला, शेवटचं दुखणं कसं गेलं. वाचायला तासभर लागतो, कधी दीड. गाव सीनेच्या काठचं, मोहोळ तालुक्यातलं. माणसं फार नाहीत, पण वस्त्या सगळ्या आहेत.

यंदा मदतीला आलेल्या पोरापोरींनी विचारलं, वहीत कुणाच्याच नावाआधी ‘कै.’ का नाही? ‘स्वर्गीय’ का नाही? गुरुजींच्या हातून राहून गेलं का? राहून गेलेलं नाही. त्या अक्षरांवरून गावात दोन वर्षं वाद झाला आणि दोन घरांमधलं बोलणं बंद होण्यापर्यंत गेला. तो कळायचा तर थोडं मागं जावं लागेल.

गेलेल्याची खूण ठेवायची रीत आपल्याकडं जुनीच. आमच्या मारुतीच्या देवळामागं दोन वीरगळ आहेत, लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे दगड. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत तोच वीर शिवलिंगापुढं हात जोडून बसलेला, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. एकावरही नाव नाही. लहानपणी आम्ही त्यांना देवच समजायचो. पलीकडं मंगळवेढ्याला शके १२६०, म्हणजे इ.स. १३३८ मध्ये, गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि मजूर गाडले गेले, त्यांत चोखोबा होते. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती नामदेवांनी उचलली आणि पंढरपुरात महाद्वारासमोर त्यांची समाधी केली, अशी परंपरा आहे. ही कथा ऐकली की मला भिंतीखालचे बाकीचे मजूर आठवतात. त्यांची हाडं कुणी वेचली, त्यांची नावं काय, हे कुठंच आलेलं नाही.

पुढची मोठी पायरी सरकारी दप्तराची. इंग्रजांच्या काळापासून गावचा कोतवाल जन्ममृत्यूची नोंद ठेवायचा, मोडीत. नाव, जात, वय, आणि मरणाचं कारण. कारणांत ताप, पटकी, देवी, प्लेग. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा ही बाडं कपाटांतून बाहेर निघाली. लोकांनी पणजोबांच्या नोंदीचे मोबाईलवर फोटो काढले, घरी नेऊन म्हाताऱ्यांना दाखवले. माझ्या पणजोबांची ओळ मीही वाचून घेतली. नाव, जात, वय, ताप. एवढंच. १९६९ च्या कायद्यानं ठरलेल्या मुदतीत मृत्यूची नोंद करणं बंधनकारक झालं आणि दाखल्याशिवाय वारस लागेना, म्हणून नोंदी नियमित झाल्या. पण त्या वारसासाठी. सातबाऱ्यावर माणूस ‘मयत’ होतो, वारसांची नावं चढतात, फेरफार मंजूर होतो.

गावाची खरी आठवण दप्तराबाहेर चालायची. मातीला जायचं, तिसऱ्या दिवशी सावडायला जायचं, दहाव्याला पिंडाला कावळा शिवेपर्यंत नदीवर थांबायचं, आणि या सगळ्यात बसल्या बसल्या माणसाबद्दल बोलायचं. कावळा अडून बसला की त्याची राहिलेली इच्छा काय असेल यावर जी चर्चा व्हायची, तीच त्याची खरी चरित्रकथा. बहात्तरच्या दुष्काळात कुणी कुठल्या पाझर तलावावर खडी फोडली, कुणी सुकडी वाटली, उजनीत गाव बुडाल्यावर कोण कसं इकडं आलं, हे मी असंच नदीवर ऐकलं. उजनीच्या पाण्याखाली गावांबरोबर थोरामोठ्यांच्या समाध्याही गेल्या. आमच्याकडं आलेले एक आबा दर उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जाऊन वडलांच्या जागेचा अंदाज घ्यायचे आणि तिथं चार फुलं ठेवून यायचे.

ज्यांची ऐपत होती ते वर्षश्राद्धाला कीर्तन ठेवायचे. दुपारी बारा वाजता फुलं पडायची, आणि त्याआधी महाराज खिशातली चिठ्ठी काढून गेलेल्याबद्दल चार शब्द सांगायचे. चिठ्ठी घरच्यांनी दिलेली. महाराजांनी त्या माणसाला कधी पाहिलेलंही नसायचं. पेपरातल्या निधनवार्तेचा साचा तर पाठच झालाय : त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे. मागं कोण राहिलं ते सगळं त्यात येतं, गेलेला कोण होता ते येत नाही. पुढं डिजिटल फ्लेक्स आले. स्टँडवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली ‘शोकाकुल’ म्हणून पन्नास चेहरे. म्हातारीचा फोटो कुणाच्या तरी लग्नातून कापलेला, शेजारणीचा खांदा तसाच राहिलेला.

हे सगळं बरंवाईट चालू होतं, आणि २०२० आलं. अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा. २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये तर सोलापुरात दवाखान्यात नेलेलं माणूस परत गावात आलंच नाही असंही झालं. माती नाही, सावडणं नाही, दहावा घरातल्या चौघांत. ज्या बोलण्यातून माणूस मागं राहायचा ते बोलणंच थांबलं. त्या पावसाळ्यात आमच्या शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी मास्क लावून घरोघर फिरले, ओसरीवर बसून विचारत गेले आणि दोनशे पानी वहीत लिहीत गेले. आधी वाटलं होतं की सर्वपित्री अमावस्येला वाचू. पण ती तिथी काही घरांची आहे, काहींची नाही. म्हणून २ ऑक्टोबर ठरला. त्यावर वाद झाला नाही. वाद पुढं, नावाआधीच्या अक्षरांवर झाला.

पहिल्या वहीत गुरुजींनी सरसकट सगळ्यांना ‘कै.’ लावलं होतं. त्यांच्या मनात काही नव्हतं. सोसायटीच्या यादीत, देणगीच्या पाटीवर, सगळीकडं तेच असतं. पण कै. म्हणजे कैलासवासी, शंकराच्या घरी गेलेला. वाचन सुरू होऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोवर एक माळकरी आप्पा उठले. त्यांच्या थोरल्या भावानं आयुष्यभर आषाढी चुकवली नव्हती. आप्पा म्हणाले, “गुरुजी, दादाला कैलासाला कशाला धाडलं? दादा वैकुंठाला गेला.” वारकऱ्याला ‘वै.’ लागतं, हे पंढरपूरच्या एवढ्या जवळ राहून विसरणं तसं चुकलंच होतं. मग लिंगायत घरातल्या काकांनी सांगितलं, आमच्यात ‘लिंगैक्य’ म्हणतात. गेलेला कुठं जात नाही, लिंगाशी एक होतो, म्हणून तर आम्ही बसवून समाधी देतो. चाचा सौम्यपणे म्हणाले, आमच्याकडं ‘मरहूम’ म्हणतात, ज्याच्यावर रहम झाली तो. शेवटी बौद्ध वस्तीतला एक तरुण उभा राहिला. त्याचे वडील त्याच वर्षी गेले होते. तो म्हणाला, “बापानं जितेपणी जे सोडलं, ते मेल्यावर त्याच्या नावाला लावू नका.” त्यांच्यात ‘कालकथित’ लिहितात, पालीतल्या ‘कालकत’शी नातं सांगणारा शब्द, ज्याचा काळ पुरा झाला तो. त्या दिवशी वाचन अर्ध्यावर थांबलं.

२०२२ ला ज्याला जे हवं ते लावलं. न्याय्य वाटत होतं. ऐकताना मात्र सगळ्यांच्या लक्षात आलं की नाव कानावर पडायच्या आधी वस्ती कळतेय. वै. म्हटलं की माणसं वेशीकडं बघायची, कालकथित म्हटलं की ओढ्याकडं. काही जण आपल्या वस्तीची पानं झाली की उठून गेले. एका धनगर घरात थोरला माळकरी, धाकटा नाही; एकाला वै., दुसऱ्याला कै. लिहिलं, तर भावकीत प्रश्न आला की कुणी कुठं जायचं हे ठरवणारे गुरुजी कोण? गुरुजी त्या रात्री जेवले नाहीत, असं त्यांच्या सूनबाईंनी मला सांगितलं.

मग एकच शब्द शोधायची खटपट. ‘दिवंगत’ सुचवलं, शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं की दिव म्हणजे स्वर्गच, दिवंगत म्हणजे तिथं गेलेला. ‘स्वर्गीय’चं तर सांगायलाच नको. ‘मयत’ कुणाच्या धर्माचा नाही, पण तो तलाठ्याचा आणि पंचनाम्याचा शब्द. आपल्या आईला कोण मयत म्हणेल? बोलताना आपण वारला, गेला, हल्ली ‘ऑफ झाला’ म्हणतो, पण ते नावाआधी बसत नाही. एकानं सोलापूरच्या चार हुतात्म्यांचा दाखला दिला. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले चौघे, एकाच धर्माचे नव्हेत, तरी चौघांनाही आपण हुतात्माच म्हणतो. मुद्दा चांगला होता. पण हुतात्मा हा शब्द ते कशासाठी गेले ते सांगतो. मेल्यावर कुठं पोचले ते सांगत नाही. आमच्या भांडणाचं मूळ ‘कुठं पोचले’ यातच होतं, आणि ते ठरवायचा अधिकार कुणालाच नाही, हे मला त्या बैठकीत पहिल्यांदा नीट कळलं.

तरीही निर्णय झाला तो वेगळ्याच कारणानं. २०२३ च्या सुरुवातीला गावची सुईण आजी गेली. चोविसाव्या वर्षी नवरा गेलेला. त्यानंतर चाळीस-पंचेचाळीस वर्षं तिनं गावातली बाळंतपणं केली, रस्ते नव्हते तेव्हा रात्री कंदील घेऊन वाड्या-वस्त्यांवर जाऊन. कुठल्याही घराचा उंबरा तिला वर्ज्य नव्हता. बारशाला मात्र तिला बोलावणं नसायचं. तिच्याच हातांत आलेल्या बाळाच्या पाळण्याला ती हात लावायची नाही. तिच्या पानावर लिहून आलं, ‘कै. गं. भा.’ आणि मग नाव.

बायकांच्या नावाआधी अक्षरांचा असा दुहेरी थर असतो. नवऱ्याआधी गेली तर ‘कै. सौ.’, नवऱ्यानंतर गेली तर ‘कै. गं. भा.’. पुरुषाच्या नावाआधी त्याची बायको आहे की गेली, हे सांगणारं अक्षर मराठीत नाही. तेव्हा हा विषय राज्यभर ताजा होता. ४ मे २०२२ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, १७ मे ला शासनानं बाकीच्या गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. या मागणीचा पाठपुरावा आपल्याच करमाळ्यातून झाला होता, ही गोष्ट सोलापूरकरांनी लक्षात ठेवली पाहिजे. पुढं एप्रिल २०२३ मध्ये विधवांना अधिकृतपणे ‘गंगा भागीरथी’ म्हणण्याची सूचना पुढं आली तेव्हा मोठा विरोध झाला आणि ती नुसती चर्चा होती असा खुलासा करावा लागला. आमच्या गावानंही विधवा प्रथेचा ठराव एकमतानं केला होता. केला आणि कपाटात ठेवला.

आजीची लेक पंढरपूरला दिलेली. ती बैठकीला आली आणि उभ्यानंच बोलली. “आईनं सगळा जन्म एकटीनं काढला. आता मेल्यावर बी तिच्या नावाम्होरं आधी नवरा गेलेला लिवायचा का? नुसतं नाव लिवा तिचं. तिच्या नावात काय कमी हाय?” बराच वेळ कुणी बोललं नाही. मग माळकरी आप्पाच म्हणाले, “आजीला नुसतं नाव, तर दादालाही नुसतं नाव.” आप्पा तिच्याच हातचे.

तेव्हापासून वहीत नुसतं नाव. बाईचं असो की पुरुषाचं, तिचं किंवा त्याचं नाव, मग आईचं, मग वडलांचं, मग आडनाव. बायका माहेरच्या की सासरच्या आडनावानं, ते घरच्यांनी ठरवायचं. (सरकारनं १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या कागदपत्रांत आईचं नाव सक्तीचं केलं, त्याच्या आधीची ही गोष्ट.) उघडं नाव घेणं म्हणजे अपमान, असं मानणारी काही घरं अजून आहेत आणि ती वाचनाला येत नाहीत. फ्लेक्सवर, पत्रिकेत, थडग्यावर ज्यानं त्यानं आपलं अक्षर लावावं, त्याला कुणाची हरकत नव्हती आणि नाही. वही सगळ्या गावाची, म्हणून तिथं नाही, एवढाच तो निर्णय. मला तो बरोबर वाटतो, आणि न येणाऱ्यांपैकी दोन घरं माझ्या भावकीतली आहेत, तरीही वाटतो.

गेल्या वर्षी, २०२५ च्या सप्टेंबरात, सीनेला पूर आला. शाळेच्या वऱ्हांड्यापासून आतल्या कपाटापर्यंत चिखल. २ ऑक्टोबरला दसरा होता, पण लोक घरं धुवत होते. वाचन दिवाळीनंतर झालं. वह्या तीन दिवस ओल्यात होत्या. २०२१ ची बॉलपेनानं लिहिलेली, ती बचावली. २०२३ ची गुरुजींनी हौसेनं शाईच्या पेनानं लिहिली होती, तिची मधली पानं निळी होऊन गेली. सुईण आजीचं पान त्यांतच. तिनं केलेल्या बाळंतपणांची यादी त्यावर होती, तिच्या लेकीनं आठवून आठवून सांगितलेली.

पोरांनी ती यादी परत करायला घेतली. शाळेच्या फळ्यावर एवढंच लिहिलं की जे जे आजीच्या हातचे आहेत त्यांनी नाव सांगून जावं. लोक येऊ लागले, प्रत्येक वस्तीतून, आपलं नाव, मग भावंडांची. न येणाऱ्या घरांतली माणसंही येऊन गेली. पुण्याला, भिवंडीला गेलेल्यांनी फोनवर सांगितलं. एका बाईला आपला जन्म कुठल्या साली झाला ते माहीत नव्हतं. पण रात्र पावसाची होती आणि आजी म्हशीचं दावं धरून ओढा उतरून आली होती, हे तिला आईनं सांगितलेलं पक्कं ठाऊक होतं. ते तसंच लिहून घेतलं. आजीचं पान आता पाचव्या पानावर गेलंय, आणि खाली जागा सोडलीय, कारण अजून कुणी ना कुणी येतंय.