मालक धर्मादाय, म्हणून बँकही धुतल्या तांदळासारखी?

ब्रिटनमधल्या छोट्या संस्थांच्या खजिनदारांत, आणि त्यांत तिकडची मराठी मंडळंही आली, धर्मादाय संस्थांची खाती सांभाळणाऱ्या कॅफ बँकेबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतो: ‘कॅफ बँक धर्मादाय संस्थेच्या मालकीची, म्हणजे आपला पैसा फक्त सत्कार्यालाच लागतो.’ अर्धं खरं आहे. बँकेची मालकी चॅरिटीज एड फाउंडेशन या धर्मादाय संस्थेची (‘कॅफ’ हे तिचंच लघुरूप), हे बरोबर. पण मालकी एवढंच सांगते, की नफा शेवटी कोणाच्या पदरात पडतो. ठेवींचं काय होतं, हा प्रश्न वेगळा.

त्यासाठी वार्षिक अहवालातला ताळेबंद उघडायचा. (कंटाळवाणा असतो, पण जाहिरातीपेक्षा खरं बोलतो.) मालमत्तेच्या बाजूला संस्थांना दिलेली कर्जं दिसतील, तशीच बँक ऑफ इंग्लंडमध्ये ठेवलेली रोकड आणि विकत घेतलेले रोखेही, म्हणजे सरकारला किंवा कंपन्यांना उसने दिलेल्या पैशांचे कागद. म्हणजे प्रत्येक पौंड कुठल्या वृद्धाश्रमाच्या इमारतीत जात नाही. जाऊही नये, कारण उद्या ठेवीदार पैसे मागायला आला तर द्यायला हवेत. माझ्या मते खरी परीक्षा रोख्यांच्या ओळीत आहे: ते कोणाचे, आणि कोणते उद्योग वर्ज्य हे लेखी आहे का?

आणि हो, तिथली ठेव म्हणजे देणगी नव्हे. ती परत मिळते.