सुई उडते म्हणून नाणं ठेवू नका

स्वस्तातला जुना टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) घेतला, सुई उडू लागली, की सल्ला ठरलेला: हेडशेलवर, म्हणजे सुईच्या आर्मच्या पुढच्या टोकावर, नाणं चिकटवा. उडणं थांबतंही, पण 3 ग्रॅम दाबाने चालणाऱ्या सुईवर 7-8 ग्रॅम पडतात आणि रेकॉर्डची खाच झिजते.

खरी गडबड बहुधा आर्मच्या मागच्या टोकाला असलेल्या वजनात असते. अँटीस्केट (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून असलेलं बटण) शून्यावर ठेवा. वजन फिरवत आर्म हवेत आडवा तरंगू द्या. मग फक्त वजनावरची आकड्यांची रिंग 0 वर आणा आणि अख्खं वजन फिरवून कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या भागाला) सांगितलेल्या ग्रॅमवर न्या. तरी उडतेय? सुईचं टोक झिजलेलं असेल.

घेतानाच आर्म बुडाशी धरून हलकेच हलवा. खटखट जाणवली तर आर्मचं बेअरिंग सैल आहे. तो टर्नटेबल सोडून द्या.