चार किलोबाइटची सवय: उपकरणांची मेमरी मोठ्या पेजने जोडण्यामागची पार्श्वभूमी

एनव्हिडियाच्या एच१०० या ग्राफिक्स कार्डावर ८० गिगाबाइट मेमरी असते, पण ती प्रोसेसरला दाखवणारी, कार्डे जोडण्याच्या पीसीआय या व्यवस्थेची खिडकी, जिला बार म्हणतात, १२८ गिगाबाइटची असते, कारण बारचा आकार दोनाच्या घातातच असावा लागतो. ही खिडकी ४ किलोबाइटच्या पेजने, म्हणजे मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्याने, जोडायची म्हटली तर पेज टेबलात, म्हणजे प्रोग्रामचे आभासी पत्ते कोणत्या भौतिक पत्त्यांवर पडतात ते सांगणाऱ्या तक्त्यात, ३,३५,५४,४३२ नोंदी भराव्या लागतात, आणि एकेक नोंद ८ बाइटची असल्याने नुसत्या नोंदींसाठीच २५६ मेगाबाइट मुख्य मेमरी खर्ची पडते. तेच काम २ मेगाबाइटच्या पेजने ६५,५३६ नोंदींत आणि १ गिगाबाइटच्या पेजने १२८ नोंदींत उरकते. हिशेब इतका उघड असूनही, व्हर्च्युअल मशीनला थेट दिलेल्या कार्डांच्या बाबतीत लिनक्सला ही सोय व्हायला २०२४ साल उजाडले.

४ किलोबाइटचा आकार रूढ झाला तो मुख्यतः इंटेलच्या ८०३८६ मुळे. १९८५ च्या त्या प्रोसेसरात पत्त्यांचे भाषांतर लक्षात ठेवणाऱ्या टीएलबीत ३२ नोंदी मावत, म्हणजे एका वेळी १२८ किलोबाइटपुरतेच भाषांतर हाताशी असे. त्या काळच्या प्रोग्रामांना तेवढे पुरत होते. मेमरी वाढत गेली तसे प्रोसेसर बनवणाऱ्यांनीच मोठ्या पेजचा मार्ग काढला. १९९१ च्या मिप्स आर४००० मध्ये ४ किलोबाइटपासून १६ मेगाबाइटपर्यंतची पेज चालत. पॉवरपीसीत तर पेज टेबलाला वळसा घालून १२८ किलोबाइट ते २५६ मेगाबाइटचा सलग पट्टा एका रजिस्टरच्या जोडीने जोडता येई, आणि पडद्याच्या फ्रेमबफरसारख्या उपकरण-मेमरीसाठी ती सोय अगदी चपखल होती. इंटेलने १९९३ च्या पेंटियममध्ये ४ मेगाबाइटचे पेज आणले खरे, पण त्याचा तपशील गोपनीयतेच्या कराराआड ठेवला. तो सर्वांसाठी खुला झाला पेंटियम प्रोच्या वेळी. १ गिगाबाइटचे पेज २००७ मध्ये एएमडीने आणले.

ऑपरेटिंग सिस्टिमकडे पाहिले तर पुढची बरीच वर्षे मोठ्या पेजची सगळी चर्चा मुख्य मेमरीभोवतीच फिरत राहिली. तिथला प्रश्न सलगतेचा होता. यंत्र काही तास चालले की मोकळी मेमरी तुकड्यातुकड्यांत विखुरते आणि २ मेगाबाइटचा अखंड तुकडा मिळणे दुरापास्त होते. लिनक्सच्या २.६ मालिकेतील ह्यूजटीएलबीएफएस या सोयीने त्यावर आधीच मेमरी राखून ठेवण्याचा उपाय केला. २०११ च्या २.६.३८ आवृत्तीतील आंद्रेआ आर्कांजेली यांच्या कामामुळे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, स्वतःहून मोठी पेज वापरू लागले, पण त्यासाठी पेज हलवून जागा सलग करण्याचा खटाटोप आलाच.

उपकरणाच्या मेमरीला ही अडचण मुळातच नाही. बार भौतिक पत्त्यांत सलग असतो, आणि पीसीआयच्या नियमानुसार त्याची सुरुवात त्याच्या आकाराच्या पटीतल्या पत्त्यावरच होते. अख्खा गट नंबर एकाच मालकाच्या नावावर असताना तलाठ्याने गुंठ्यागुंठ्याचा वेगळा उतारा काढत बसावे, तसा हा ४ किलोबाइटचा कारभार होता. मग गाडी अडली कुठे?

पहिला अडसर मेमरीच्या जातीचा. मुख्य मेमरीतला मजकूर कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, ठेवता येतो. उपकरणाच्या रजिस्टरांना कॅश लावली तर ड्रायव्हरने लिहिलेली आज्ञा कार्डापर्यंत पोचतच नाही. इंटेल-एएमडीच्या एक्स८६ प्रोसेसरांवर ही जात दोन ठिकाणी ठरते: पेज टेबलातल्या नोंदीत, आणि एमटीआरआर या रजिस्टरांत. ती रजिस्टरे पेज टेबलाला न जुमानता ४ किलोबाइटइतक्या बारीक पट्ट्यांनाही वेगवेगळी जात देऊ शकतात. अशा दोन जाती एकाच मोठ्या पेजखाली आल्या तर प्रोसेसर काय करील याची शाश्वती नसते. पहिल्या १ मेगाबाइटमध्ये साधी मेमरी, जुन्या व्हीजीए या पडद्याच्या व्यवस्थेची खिडकी आणि यंत्र सुरू करणारा बायॉस एकमेकांना खेटून असल्यामुळे तो भाग लहान पेजनेच जोडावा, असा इंटेलचा सल्ला आहे. विंडोजने एक मधला मार्ग पत्करला: ड्रायव्हरने मागितलेला पट्टा पुरेसा लांब आणि नीट सीमेवर असेल तर कर्नल तो आपणहून मोठ्या पेजने जोडते.

लिनक्समध्ये तसे झाले २०१५ च्या ४.१ आवृत्तीत, एचपीच्या तोशी कानी यांच्या कामामुळे. निमित्त ग्राफिक्स कार्डांचे नव्हते. वीज गेली तरी मजकूर राखणाऱ्या, प्रचंड आकाराच्या मेमरी मॉड्यूलांचे होते. नियम सरळ होता. आभासी पत्ता, भौतिक पत्ता आणि लांबी ही तिन्ही मोठ्या पेजच्या सीमेत बसत असतील आणि एमटीआरआरची जात सबंध पट्ट्यावर एकच असेल तर मोठे पेज वापरायचे. एरवी गुपचूप लहान पेजवर यायचे. ड्रायव्हरला यातले काही सांगावे लागत नाही, आणि माझ्या मते त्या रचनेचे खरे शहाणपण त्यातच होते.

तरी एक खोच राहून गेली. एखादा पट्टा आधी ४ किलोबाइटने जोडून सोडला की खालच्या पातळीचे रिकामे पेज टेबल तसेच मागे राही. पुढे त्याच आभासी पत्त्यावर २ मेगाबाइटची नोंद लिहिली गेली की त्या जुन्या टेबलाकडे जाणारा दुवाच पुसला जाई: मेमरी गळे ती गळेच, शिवाय प्रोसेसरच्या कॅशमध्ये जुना दुवा शिल्लक असला तर पुढचा वापर भलत्याच पत्त्यावर जाई. एआरएमच्या ६४-बिट प्रोसेसरांच्या (एआरएम६४) यंत्रांवर याने कर्नल कोसळू लागले. आधी खालचे टेबल मोकळे करून टीएलबी साफ करायची आणि मगच मोठी नोंद लिहायची, अशी दुरुस्ती २०१८ मध्ये झाली.

हे सारे कर्नलच्या स्वतःच्या पत्त्यांपुरते होते. व्हीएफआयओ या लिनक्सच्या सोयीमार्फत कार्ड व्हर्च्युअल मशीनला देताना मात्र बार प्रोसेसच्या पत्त्यांत जोडावा लागतो, आणि तिथे या मेमरीची पेजगणिक नोंद कर्नलकडे नसते. कार्ड रीसेट होताना जोडणी तात्पुरती काढावी लागते, ती पुढच्या फॉल्टवर, म्हणजे न जोडलेला पत्ता वापरला गेला की, पुन्हा भरली जाते. ते भरणे ४ किलोबाइटने होत असल्यामुळे अनेक मोठी कार्डे असलेले मशीन सुरू व्हायला नकोसा वेळ लागे. नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ आवृत्तीने अशा नोंदविरहित मेमरीलाही मोठ्या पेजची मुभा दिली.

पण त्यासाठी आभासी पत्ताही भौतिक पत्त्याशी त्याच सीमेवर जुळायला हवा. पत्ता कुठेही पडला तर २ मेगाबाइटसाठी तो आपोआप जुळण्याची शक्यता ५१२ त एक. १ गिगाबाइटसाठी २,६२,१४४ त एक. म्हणून पत्ता देतानाच सीमा ठरवावी लागते, आणि ती ठरवायची कोणी, हा आजचा प्रश्न आहे. सीमा १ गिगाबाइटची धरली तर हल्लेखोराला पत्ता ओळखता येऊ नये म्हणून ठेवलेल्या यादृच्छिकतेचे १८ बिट जातात, आणि एक्स८६-६४ वर मूळ सेटिंगमध्ये असतात २८. बारचा आकार ड्रायव्हरला ठाऊक असतो, पण पेजचे कोणते आकार उपलब्ध आहेत ते प्रोसेसर आणि कर्नलची बांधणी ठरवते: एआरएम६४ वर मूळ पेज ४ किलोबाइटचे असेल तर वरची पायरी २ मेगाबाइटची, १६ किलोबाइटचे असेल तर ३२ मेगाबाइटची आणि ६४ किलोबाइटचे असेल तर थेट ५१२ मेगाबाइटची. ड्रायव्हरमध्ये २ मेगाबाइट हा आकडा कायमचा लिहून ठेवला तर त्याच ड्रायव्हरला दुसऱ्या बांधणीत मोठे पेज मिळतच नाही.