एअर फिल्टर: ट्रॅक्टरपासून टर्बोपर्यंत

सातारा-सांगली पट्ट्यात टर्बो पेट्रोल गाड्या (ज्यांत वेगाने फिरणारं पातं सिलिंडरमध्ये जादा हवा दाबतं) वाढल्या, तसा 'स्टॉक, म्हणजे कंपनीचा, एअर फिल्टर काढून कोणता टाकू?' हा प्रश्नही गॅरेजांतून सर्रास ऐकू येऊ लागला. उत्तरादाखल ब्रँडची नावं पुढे येतात. हे फिल्टर मुळात कुणाच्या गरजेतून आले, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं, आणि माझ्या मते निवडीचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

सुरुवातीच्या बहुतेक मोटारींना फिल्टर नसायचाच. कार्ब्युरेटरचं तोंड उघडं, रस्त्यावरची धूळ थेट सिलिंडरमध्ये. एक लिटर पेट्रोल जळायला साधारण ९,००० लिटर हवा लागते, त्यामुळे हवेतली थोडीशी माती पुढे बरीच होते. तिचे टणक कण सिलिंडरला ओरखडे पाडतात, पिस्टनच्या रिंगा झिजतात, ऑइल जळायला लागतं आणि इंजिन निळा धूर मारतं. याचा सगळ्यात मोठा फटका ट्रॅक्टरला बसला, कारण तो स्वतःच उडवलेल्या धुळीत दिवसभर राबतो. अमेरिकेतल्या मिनेसोटात फ्रँक डोनाल्डसन यांनी १९१५ मध्ये ट्रॅक्टरसाठी एअर क्लीनर बनवला. आजची डोनाल्डसन कंपनी त्यातूनच उभी राहिली.

पुढे आला ऑइल बाथ, म्हणजे तळाशी तेलाची वाटी असलेला फिल्टर. आपल्याकडच्या जुन्या ट्रॅक्टरवर तो अजून दिसतो. हवा मधल्या नळीतून खाली येते, तेलाजवळ झटकन वळते आणि जड कण त्या वळणावर तेलात पडतात. उरलेले वरच्या तेलकट जाळीत अडकतात. ऊस वाहतुकीच्या हंगामात खालची वाटी काढली, तर तळाशी काळ्या चिखलाचा थर बसलेला असतो. तो चिखल इंजिनात गेला असता, एवढं ध्यानात आलं तरी फिल्टरची किंमत कळते.

धूळ आणि वेग यांतली ओढाताण सगळ्यात स्पष्ट दिसली ती दुसऱ्या महायुद्धात. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटासाठी स्पिटफायर विमानांना व्होक्स फिल्टर बसवला. इंजिन वाचलं, पण नाकाखालच्या त्या बोजड खोक्याने विमानाचा वेग घटला. मग इजिप्तमधल्या अबूकीरच्या दुरुस्ती केंद्राने लहान आणि हलका फिल्टर घडवला. वाळू अडवायची, पण इंजिनाचा श्वास कोंडायचा नाही, हा पेच आजही तसाच आहे.

मोटारींत नंतर घड्यांचा कागद आला. स्वस्त, हलका, बारीक कण पकडणारा, भरला की टाकून द्यायचा.

१९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडमध्ये के अँड एन सुरू झाली. मोटरसायकलच्या धंद्यातल्या दोघांनी ऑफ-रोड शर्यतींसाठी तेल लावलेल्या सुती कापडाचा, धुऊन पुन्हा वापरता येणारा फिल्टर काढला. आफ्टरमार्केट, म्हणजे बाहेरून घेऊन बसवायच्या, फिल्टरचा हा खरा वारसा आहे. मात्र शर्यतीचं इंजिन वरचेवर खोललं जातं आणि आपली गाडी लाखभर किलोमीटर न खोलता चालावी लागते, हा फरक विसरून चालत नाही.

कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन, म्हणजे हवेच्या मापाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा, आल्यावर हिशेबही बदलला. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ च्या अभ्यासात मुद्दाम चोंदवलेले फिल्टर लावून पाहिले. नव्या गाड्यांचं ॲव्हरेज फारसं हललं नाही, पिकअप मात्र मंदावला. याचा अर्थ मी असा घेतो: कागदी फिल्टर स्वच्छ असेल, तर न छेडलेल्या टर्बो गाडीला महागड्या फिल्टरने हाती लागणारा फायदा थोडाच. ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) रीमॅप करून, म्हणजे त्याची सेटिंग बदलून, हवेची मागणी वाढवली असेल, तेव्हा त्याचा विचार रास्त ठरतो. तेव्हाही मूळ बॉक्समध्ये बसणारा चपटा पॅनेल फिल्टरच घ्यावा. बॉनेटखाली उघडा लावलेला शंकूच्या आकाराचा 'कोन' फिल्टर इंजिनाची गरम, विरळ हवा ओढतो. मे महिन्यातल्या सांगलीत तर हे अजिबात परवडणारं नाही.

रोजची धावपळ माण, खटाव, जत, आटपाडीकडच्या कच्च्या रस्त्यांवर किंवा खडी क्रशरच्या आसपास असेल, तर मी चांगल्या कागदी फिल्टरच्याच बाजूने उभा राहीन. टर्बोचं पातं प्रचंड वेगाने फिरतं, धूळ त्याच्या कडा खाते. सुती फिल्टर घेतलाच, तर तो धुऊन सावलीत पूर्ण वाळवायचा आणि तेल बेताचंच लावायचं, कारण जास्तीचं तेल पुढे जाऊन हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसू शकतं. कॉम्प्रेसरने हवा मारणं कापडालाही वाईट आणि कागदालाही. घडी फाटली तरी वरून दिसत नाही.

फिल्टर कुठलाही असो, काही आठवड्यांनी त्याच्या पुढच्या, इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपात पांढरं फडकं फिरवून बघावं. फडक्यावर माती आली, तर एक तर रबरी कडा नीट बसलेली नाही, नाही तर तो फिल्टर त्या रस्त्यांसाठी नाही.